बसायला उत्तम

गुडघा गेला तेव्हा मी पळत नव्हते, वळत होते. लोकांना वाटतं खो-खो म्हणजे पळणं. पळायला काय, मागे म्हैस लागली की कुणीही पळतं. खो-खोत खरं कसब वळण्याचं. खांबाला हात घालून, पायाच्या चवड्यावर सगळं अंग गर्रकन फिरवायचं आणि मागून येणारीला हवेत हात मारायला लावायचा. सांगलीतल्या आमच्या मंडळात हे माझ्याइतकं चांगलं कुणाला जमत नव्हतं. आता म्हातारपणी हे सांगायला लाज कशाला धरू? जमत नव्हतं.

सामने साताऱ्यात होते. सकाळी मैदानावर पाणी मारलं होतं आणि खांबाजवळ ते नीट जिरलं नव्हतं. माझा उजवा पाय त्या चिखलात रुतला आणि तिथंच राहिला. अंग मात्र सवयीनं वळलं. गुडघ्यात कट्‌ असा आवाज आला, उसाचं कांडं मोडताना येतो तसा. मी खाली पडले आणि आधी ओरडले ते 'आई गं' असं नाही, 'आउट नाही, आउट नाही' असं. माझं वय अठरा होतं, कॉलेजचं पहिलं वर्ष होतं आणि पुढच्या हंगामात राज्याच्या संघात माझं नाव येणार असं सगळे म्हणत होते.

गुडघा फुगला, हळद-तुरटीचा लेप बसला, सूज उतरली. मुरगळला होता, बरा झाला, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. मी पुन्हा मैदानावर गेले आणि पहिल्याच वळणाला गुडघा आतून निसटला. दुखलं फारसं नाही. पण आपल्याच पायाचा वरचा भाग एकीकडे आणि खालचा दुसरीकडे जातो हे कळल्यावर जी भीती वाटते, ती दुखण्यापेक्षा वाईट. दोन-तीनदा असं झाल्यावर आम्हाला शिकवणाऱ्या बाई घरी आल्या आणि वडिलांना म्हणाल्या, "हिला मिरजेला हाडांच्या डॉक्टरांकडे न्या. उद्याच न्या." बाई अविवाहित होत्या, सायकलवरून फिरायच्या आणि कुणाच्याही घरी जाऊन हुकूम सोडायच्या. वडील हळदीच्या पेठेत दिवाणजी होते, गरीब स्वभावाचे. त्यांना हुकूम ऐकायची सवय होती.

मिरजेच्या डॉक्टरांनी मला टेबलावर झोपवलं, गुडघा उभा करायला लावला आणि सरळ माझ्या पावलावर बसले. वडिलांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे तोंड फिरवलं. डॉक्टरांनी दोन्ही हातांनी माझी नडगी धरून पुढे ओढली. ती टेबलाच्या खणासारखी पुढे आली. सोडली, मागे गेली. पुन्हा ओढली, पुन्हा आली. ते दोनदा-तीनदा खण उघडत आणि मिटत राहिले, आणि मला कळलं की हे मुरगळणं नाही.

"आतली दोरी तुटली आहे," ते म्हणाले. "या दोरीनंच खालचं हाड वरच्याला धरून राहतं. तुटलेली सांधत नाही. नवी ओवावी लागेल. मांडीच्या बाजूची एक पट्टी काढून."

आईही बरोबर आली होती, ती दाराशी उभी होती. ती कोरेगावकडच्या एका खेड्यातली. लग्न होऊन सांगलीत वीस वर्षं झाली तरी तिनं आपली बोली सोडली नव्हती आणि सोडायची तिची इच्छाही नव्हती. ती म्हणाली, "म्हंजी आपल्याच कातड्याची वादी करून आपल्यालाच शिवायचं म्हना की."

"तसंच," डॉक्टर हसले.

"आन मग पळंल का ही?" हे आईनं माझ्यासाठी विचारलं. तिला स्वतःला मी पळावं असं फारसं वाटत नव्हतं. मुलीनं चारचौघांत अर्ध्या चड्डीत धावणं तिच्या गळ्याखाली कधी उतरलं नाही. पण मला त्याशिवाय दुसरं काही सुचत नाही हेही तिला ठाऊक होतं, म्हणून विचारलं. हे मी तिच्या बाजूनं मुद्दाम लिहून ठेवते.

डॉक्टर म्हणाले, "सांभाळलंत तर पळेल."

ऑपरेशनचं मला काही आठवत नाही. पुढे जांघेपासून घोट्यापर्यंत प्लास्टर आणि आत खाज. माझी विणकामाची एक सुई त्या प्लास्टरात पार वाकडी झाली. प्लास्टर काढलं तेव्हा आतून निघालेला पाय माझा वाटेना. मांडी हाताच्या दंडाएवढी, कातडीवर खपल्या, आणि बाजूनं लांबच लांब व्रण. गुडघा जरासा वाकलेला होता आणि तिथंच गोठलेला. ना पुरता सरळ होत होता, ना वाकत होता. मी रडायला लागले, तर डॉक्टर रागावले. म्हणाले, "वेडी आहेस का? थांब." आणि पुन्हा माझ्या पावलावर बसून, जेवढा वाकत होता तेवढ्या गुडघ्यावर त्यांनी नडगी ओढली.

जागची हलली नाही.

"दगड!" डॉक्टर म्हणाले आणि स्वतःच खूश होऊन नर्सला बोलावून तिलाही ओढून बघायला लावलं. माझ्या आयुष्यात माझं कौतुक बरंच झालं, बक्षिसंही मिळाली, पण त्या 'दगड' या शब्दानं झाला तेवढा आनंद मला पुन्हा कशानं झालेला आठवत नाही.

मग त्यांनी आम्हा दोघींना समोर बसवून समजावलं. गुडघ्याला दोन गोष्टी लागतात, टिकणं आणि वळणं. टिकणं मी दिलं आहे. वळणं तुम्ही मिळवायचं, पण सावकाश. नवी पट्टी अजून कच्ची आहे, तिच्यात जीव यायला वर्ष जाईल. आधी मांडीत ताकद आणायची. गुडघा काटकोनात वाकला की सध्या पुष्कळ झालं. मी सांगेपर्यंत खाली बसायचं नाही. मांडी नाही, उकिडवं नाही, काही नाही. खुर्चीवर बसायचं.

आईला काटकोन कळला नाही. घरी आल्यावर मी तिला दाराच्या चौकटीचा कोपरा दाखवला. ती त्या कोपऱ्याकडे बघत म्हणाली, "एवढाच? एवढ्यानं काय हुतंय?"

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. आमच्या घरात एवढ्यानं काहीच होत नव्हतं. गावभागात भाड्याच्या तीन खोल्या, आणि त्यात एकुलती एक लोखंडी घडीची खुर्ची. ती बाहेरच्या खोलीत, येणाऱ्या-जाणाऱ्यासाठी. बाकी सगळं आयुष्य जमिनीवर. जेवण जमिनीवर, चूल जमिनीवर, विळीवर भाजी चिरायची ती बसून, कपडे धुवायचे ते उकिडवं बसून, देवाला हात जोडायचे ते खाली बसून. परसाकडची गोष्ट तर विचारूच नका. वडिलांनी सुताराकडून मधे भोक पाडलेला एक लाकडी घडवंचा करून आणला. तो आणताना त्यांनी त्यावर पंचा झाकला होता, जणू चोरीचा माल.

जेवताना मी खुर्चीवर, मांडीवर ताट घेऊन. वडील समोर पाटावर. आईला ते बघवत नसे. "घरातला कर्ता मानूस खाली बसून जेवतोय आन पोरगी वर, न्यायाधीशावानी," ती म्हणायची. वडील म्हणायचे, "असू दे गं, आजारी आहे ती." आई म्हणायची, "आजारी कुठं हाय? चांगली दोन भाकरी खाती." एकदा मला ठसका लागला आणि वरून भाताचं शीत वडिलांच्या टोपीवर पडलं. आम्ही तिघंही हसलो. मग आईनं ते शीत उचललं, आणि ते उचलताना तिचा चेहरा एकदम रडवेला झाला.

भेटायला बायका यायच्या. प्रत्येकीचा प्रश्न एकच. "मांडी घालता येती का?" चालता येतं का, हे कुणी विचारायचं नाही. मी काठी टाकून अंगणात दोन फेऱ्या मारून दाखवल्या तरी त्या चुकचुकायच्या. "व्हय, पन बसायचं कसं तिनं?" आमच्याकडे उठून चालू लागलेला माणूस बरा होत आलेला असतो. तो खाली बसला की बरा झाला. हे कुणी कुणाला शिकवलेलं नाही. मलाही तसंच वाटायचं, आणि वाटायला माझं आणखी एक कारण होतं. खो-खोत पाठलाग करणाऱ्या मुली आपापल्या चौकोनात उकिडव्या बसतात, टाचा उचलून, हाताची बोटं जमिनीला टेकवून. पाठीमागून 'खो' मिळाला की तिथूनच उसळी घ्यायची. ज्या मुलीला बसता येत नाही तिला खो कोण देणार? रोज आडवं पडून, घोट्याला वाळूची पिशवी बांधून पाय उचलायचा, मांडी ताणून धरायची आणि सोडायची. मांडी हळूहळू भरत होती. काठी सुटली. पण गुडघा चौकटीच्या कोपऱ्याशी आला की अडायचा, आणि माझा जीव तिथंच कुढायचा.

पाऊस संपता संपता साताऱ्याहून एक स्थळ आलं. मुलगा सरकारी नोकरीत, माणसं बरी, हुंड्याचं नाव नाही. फक्त मध्यस्थानं एवढं सांगितलं की मुलीच्या पायात काही खोट आहे असं त्यांच्या कानावर गेलं आहे, तेव्हा ते जरा नीट बघतील. नीट बघतील म्हणजे काय हे आम्हाला न सांगता कळलं. पाटावर बसव, उठव, चालव, वाकून नमस्कार करायला लाव.

दुसऱ्या दिवशी दुपारची आवराआवर झाल्यावर आईनं स्वयंपाकघरात सतरंजी टाकली, एरंडेल तेल कोमट केलं, विटेचा तुकडा फडक्यात गुंडाळून तव्यावर तापवला आणि मला हाक मारली. "ये. पालथी पड."

मी म्हटलं, "डॉक्टरांनी सांगितलंय…"

"डाक्टरनी पट्टी घातली, लय झाक केलं. पन डाक्टर काय रोज घरात येऊन बसतोय? आखडल्यालं हाय ते. माज्या बानं किती पैलवानांचं आखडल्यालं हातानं मोकळं केल्यालं बघितलंय मी. सोसशील का, बोल."

मी पालथी पडले. तिनं आधी गुडघ्याच्या मागून शेक दिला, मग तेल मुरवलं. मग टाच धरून पाय वर उचलला आणि पाठीकडे दाबत आणला. जिथं अडत होता तिथं आला. ती थांबली. तिथं तिनं आपलं वजन टाकलं, हळूहळू, श्वास रोखून. माझ्या डोळ्यांसमोर काजवे चमकले. मी सतरंजीचा काठ दातात धरला.

"सोडू का?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, "आणखी."

रोज दुपारी आमचं हे चालायचं. तिचे हात दुखायचे, ते ती रात्रीच्या भाकरी थापताना दाखवायची नाही, पण मला दिसायचं. मी ओरडले की तिच्याच डोळ्यांत पाणी यायचं, आणि ते पुसून ती पुन्हा दाबायची. आम्हा मायलेकींचं एरवी फार सख्य नव्हतं. मी तोंडाळ, ती हट्टी. पण त्या दुपारी आम्ही जितक्या जवळ होतो तितक्या आधी कधीच नव्हतो. ती लग्नासाठी दाबत होती, मी खो-खोसाठी दाबून घेत होते, आणि दोघींना वाटत होतं की हे एकच काम आहे.

एके दिवशी ती म्हणाली, "उठ. आता बस बघू."

मी दाराच्या चौकटीला धरून हळूहळू खाली गेले. अडला. आई पाठीमागून दोन्ही खांदे धरून म्हणाली, "जा, जा खाली, मी हाय." मी अंग सोडून दिलं. आणि गुडघ्याच्या आत काहीतरी सुटलं. त्याचा आवाज नव्हता, फारसं दुखणंही नव्हतं. परकराची नाडी सैल व्हावी तसं काहीतरी मऊपणे सैल झालं, आणि मी जमिनीवर बसले होते. पुरी बसले होते. उजवा पाय ओढून मी मांडी घातली.

"सुटलं!" आई ओरडली. "आखडल्यालं सुटलं!" तिनं डब्यातला गुळाचा खडा काढून माझ्या तोंडात घातला, एक देवापुढे ठेवला आणि शेजारच्या बायकांना बोलवायला पदर न सावरता धावली. त्या आल्या. मी पाटावर मांडी घालून बसले होते आणि त्या माझ्याभोवती उभं राहून बाळंतिणीचं मूल बघावं तसं माझ्या गुडघ्याकडे बघत होत्या. मीही हसत होते. दोनच तासांनी सूज आली, पण ती तर येणारच, असं सगळ्यांचं मत पडलं.

सूज उतरल्यावर एका सकाळी मी माझ्या दुखण्यासाठी मागून आणलेल्या कॉटवर बसले होते. पाऊल कॉटच्या लोखंडी गजाखाली अडकवलं आणि सहज, डॉक्टर करायचे तशी, दोन्ही हातांनी नडगी पुढे ओढली.

ती पुढे आली.

मला वाटलं मी धरलं चुकीचं. पुन्हा ओढली. डावा पाय तसाच अडकवून ओढून बघितला, तो हलला नाही. पुन्हा उजवा. खण उघडला, मिटला. आई स्वयंपाकघरात मंगलाष्टकातली एक ओळ गुणगुणत होती. मी कॉटवर बसून राहिले.

साताऱ्याची माणसं आली. मी पोह्यांचा ट्रे घेऊन आले, खाली ठेवला, वाकून नमस्कार केले आणि पाटावर मांडी घालून बसले. होणाऱ्या सासूबाईंनी गुडघ्याकडे बघून न बघितल्यासारखं केलं. "पाय काही दुखत नाही ना हो?" त्यांनी आईला विचारलं. आई म्हणाली, "आवं, कुठलं दुखनं? तासभर बसवा की!" आणि त्यांनी खरोखर बसवलं. इकडच्या तिकडच्या गप्पा, चहा, पुन्हा गप्पा. तासभर मी बसले. पसंती तिथंच कळली.

मिरजेला दाखवायला जायचं होतं ते लग्न ठरल्यावर गेलो. या खेपेला आई पुढे आणि मी मागे. डॉक्टरांनी मला टेबलावर घ्यायच्या आत ती म्हणाली, "डाक्टर, आधी हे बघा," आणि मला म्हणाली, "बस गं खाली." मी दवाखान्याच्या फरशीवर मांडी घालून बसले. डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले. मग मला उठवून टेबलावर घेतलं, पावलावर बसले आणि ओढलं. एकदाच ओढलं.

"कुणी वाकवला?" त्यांनी विचारलं.

"मी," आई म्हणाली. अभिमानानं म्हणाली. शेक कसा दिला, तेल कुठलं, वजन कसं टाकायचं, लग्न कसं ठरलं, सगळं सांगितलं. डॉक्टरांनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मला वाटलं आता हे आईवर ओरडणार. मला ते हवं होतं, खोटं कशाला बोलू. पण ते उठले, बेसिनशी जाऊन बराच वेळ हात धूत राहिले.

"पुन्हा ओवता येईल?" मी विचारलं.

"पुन्हा पट्टी कुठून आणू? आणि ओवली तरी तुला घरात खाली बसावंच लागेल. लग्न ठरलंय म्हणतात आई." मग टॉवेलला हात पुसत म्हणाले, "कधीकधी पट्टी आपोआपही सैल पडते. माझंच काही कमी पडलं असेल. सांगता येत नाही." मग आईकडे वळून ते म्हणाले, "बसायला उत्तम झाला आहे गुडघा. उत्तम. पळायला मात्र नाही."

बाहेर पडल्यावर आईनं टांगा केला. तिच्या कानांत 'उत्तम' एवढंच राहिलं होतं. "बघ, डाक्टर सुदिक म्हनलं," ती वाटभर टांगेवाल्याला सांगत होती. तो मागं न बघता "व्हय व्हय" करत होता. मी घोड्याच्या पायांकडे बघत होते. आईचा मला इतका राग आला होता की तिचा पदर माझ्या हाताला लागत होता तोही मला नको होता. आणि तिला काही सांगावं तर ती इतकी सुखात होती.

बाईंना सांगायला मी स्वतः मैदानावर गेले. मुली चौकोनांत बसल्या होत्या. बाईंनी शिट्टी तोंडातून काढली. "कधीपासून येतेस?"

"येत नाही, बाई."

त्या डोळे बारीक करून मैदानाकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "खांबावर आता तुझ्यासारखं कोण आहे माझ्याकडे!" मग शिट्टी वाजवून त्या एका मुलीवर उगाचच ओरडल्या. मी घरी आले.

लग्न झालं. लग्नात सगळ्यांनी बघितलं की मी होमापुढे किती वेळ नीट बसले. साताऱ्यातलं सासर किल्ल्याच्या पायथ्याशी चढावर होतं, आणि उतरताना गुडघा कधी निसटेल याचा नेम नसायचा. मी भिंतीला हात लावून, तिरपी, एकेक पायरी उतरायला शिकले. सासरची माणसं चांगली होती. घरातलं बसून करायचं काम मी कुणाहीपेक्षा जास्त करायचे. गावातल्या एका शाळेच्या पटांगणावर संध्याकाळी मुली खो-खो खेळायच्या. बाजारात जाताना तो रस्ता जवळचा होता. मी लांबचा रस्ता धरायचे.

पहिल्या पंचमीला आई तिच्या माहेरी, कोरेगावकडे आली होती आणि साताऱ्याहून मलाही तिनं तिथंच बोलावून घेतलं. नव्या नवरीची पहिली पंचमी म्हणून गावातल्या सगळ्या बायका जमल्या. वारुळाला जाऊन आलो, झोके झाले. मग देवळापुढच्या मोकळ्या जागेत फुगड्या सुरू झाल्या, आणि मी माझ्या आईला पहिल्यांदा तशी बघितली. पदर खोचून, केस सुटलेले, चाळिशीतली बाई अशी फिरत होती की समोरच्या पोरी धापा टाकून सोडून देत होत्या. सगळ्या तिच्या नावानं ओरडत होत्या. तिनं एकेकीला हरवलं आणि मग गर्दीत मला शोधलं.

"ही माजी पोर!" ती सगळ्यांना म्हणाली. "खो-खोत सांगलीत हिच्यावानी न्हवतं कुनी. पाय मोडलेला, मी बरा केला माज्या हातानं. ये गं!"

मी मान हलवली. बायकांनी मला पाठीमागून ढकललं. आईनं माझे दोन्ही हात धरले, मनगटापाशी, घट्ट. तिचा चेहरा घामानं चमकत होता आणि ती इतकी आनंदात होती की माझ्यानं हात सोडवून घेववले नाहीत. आम्ही पाय जोडले, मागं कललो आणि फिरलो. एक वेढा मी डाव्या पायावर निभावला. मग तिनं वेग धरला, उजव्या पायावर भार आला, आणि वळताना गुडघा निसटला.

माझे हात तिच्या हातांत होते. माझं अंग कसं अचानक खचलं, ते तिला हातांतून कळलं. ती मला धरून राहिली, मी पडले नाही, तिच्या अंगावर कलंडले. बायका हसल्या. चक्कर आली असेल, नवी नवरी आहे, काही गोड बातमी असेल, असं कुणीतरी म्हणालं. आई हसली नाही. ती मला देवळाच्या पायरीपाशी घेऊन गेली. मी भिंतीला धरून तिरपी होऊन बसले, ते तिनं बघितलं. माझ्यासमोर खाली बसून तिनं लुगड्यावरूनच माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"कवापास्नं हाय हे?"

मी वर्षभर मनात जे जे घोळवलं होतं, ते सगळं बोलायची वेळ तिनंच आणून दिली होती. तुला डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं का, तुला माझ्यापेक्षा शेजारणी मोठ्या होत्या का, असं पुष्कळ होतं. मी म्हटलं, "तू खाली बसवलंस त्या दिवसापासून."

मग अगदी हळू आवाजात, लहान मूल विचारतं तसं तिनं विचारलं, "आता न्हाई वाकवला, सरळच ठेवला, तर हुईल का गं परत घट्ट?"

"नाही होत, आई."

"मग तवा मला थांबवलं का न्हाईस? नगं म्हनायचंस की."

"मला पण तो वाकायलाच हवा होता," मी म्हटलं. "मैदानात बसायला."

आईचा हात माझ्या गुडघ्यावर तसाच राहिला. तिकडून बायका तिला हाका मारत होत्या. आणखी एक डाव, आणखी एक, तुझ्याशिवाय मजा नाही, म्हणत होत्या. तिनं मान वर केली नाही. त्या दिवशी ती पुन्हा खेळली नाही, आणि त्यानंतर ती तीस वर्षं जगली, पण कुठल्याच पंचमीला तिनं कुणाचे हात धरले नाहीत.